दगड राखला, दालनाचे काय?

मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीविषयी लिहिताना तीन गोष्टी सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोणाची लेखणी पुढे सरकत नाही. पहिली हिशेबाची. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले; मंजूर रक्कम १६ लाख ४७ हजार १९६ रुपये, झालेला खर्च १६ लाख ४४ हजार ५२८. म्हणजे २,६६८ रुपये उरले. सरकारी बांधकामात पैसे उरतात, हेच आपल्याला नवल वाटते. दुसरी गोष्ट मापांची: लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. तिसरी माकडाची. एका डोळ्यावर पट्टी बांधून हातात तराजू धरलेला माकड-न्यायाधीश इथल्या कोरीव कामात आहे. कोणा कंत्राटदाराने न्यायालयात दावा हरल्याचा सूड असा उगवला, अशी दंतकथा त्याला चिकटली आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती आवडते. आणि आवडावी अशीच आहे.

तिन्ही गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याच्या आहेत. पालघरहून सकाळी निघून, हातात कागदांची पिशवी घेऊन आलेला पक्षकार या इमारतीत कुठे थांबतो, कुठे बसतो, त्याच्या प्रकरणाचा पुकारा त्याला ऐकू येतो का, न्यायाधीश काय म्हणाले ते त्याला कळते का, याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. न्यायालयाच्या जुन्या इमारतीचे जतन म्हणजे काय, या चर्चेत आपली पहिली चूक इथेच होते. इमारतीचा स्वभाव आपण तिच्या कमानींत शोधतो. तो तिच्या वापरातही असतो, आणि माझ्या मते आधी तिथेच असतो.

हा प्रश्न आता नुसत्या रसिकतेचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या वारसा इमारतीचा आणि जादा जागेचा विषय स्वतःहून दखल घेऊन सुनावणीस घेतला. बांद्रा पूर्वेला शासकीय वसाहतीची ३०.१६ एकर जागा ठरली, तिचा ४.३९ एकरांचा पहिला तुकडा हाती आला आणि २३ सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते पायाभरणी झाली. जागेची निकड खोटी नाही. १८६२ मध्ये हे न्यायालय सुरू झाले ते सात न्यायाधीशांनिशी. आज सर्व खंडपीठे मिळून मंजूर संख्या ९४ आहे. (युनेस्कोने २०१८ मध्ये मुंबईच्या ज्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातील इमारतीही ९४. योगायोगच, पण लक्षात राहणारा.) नवे संकुल हवेच. मला विचारायचे आहे ते जुन्याचे.

कर्नल जेम्स फुलर हा लष्करी अभियंता होता. त्याने केलेली रचना नीट पाहिली तर गॉथिक नक्षीच्या आत एक अत्यंत व्यवहारी डोके काम करताना दिसते. मधल्या मनोऱ्याच्या पश्चिमेला जे दोन अष्टकोनी मनोरे आहेत, ते शोभेपुरते नाहीत. त्यांत न्यायाधीशांसाठी स्वतंत्र जिने आहेत. न्यायाधीश आणि पक्षकार एका जिन्यावर समोरासमोर येऊ नयेत, हा न्यायालयाच्या वास्तुरचनेतला आजही पाळला जाणारा नियम. बांद्र्यातही तो पाळला जाईल, फक्त जिन्याऐवजी लिफ्ट असेल. लांबलचक व्हरांडे आहेत ते ऊन-पाऊस अडवायला आणि वारा आत घ्यायला. तेव्हा समुद्र आजच्यासारखा दूर हटवलेला नव्हता, ओव्हलच्या पलीकडे बॅक बेचा किनाराच होता. आणि हे व्हरांडे नुसते ये-जा करण्याचे नाहीत. अशिलाला बाजूला घेऊन वकील जे शेवटचे समजावतो ते व्हरांड्यात. तडजोडीची पहिली कुजबुज तिथे होते. चोपदार पुढे आणि न्यायमूर्ती मागे असे येताना दिसले की माणसे आपोआप भिंतीला लागतात, तेही तिथेच. दालनात कायदा चालतो, व्हरांड्यात न्यायालय चालते असे म्हटले तर कोणत्याही जुन्या वकिलाला ते पटेल.

पण मग सगळे होते तसेच ठेवावे का? तसे म्हणणाऱ्यांनी एक वर्ष लक्षात घ्यावे. इमारत पूर्ण झाली १८७८ मध्ये. स्त्रियांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा आला १९२३ मध्ये. या न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, नेमल्या गेल्या १९७८ मध्ये, म्हणजे वास्तूच्या शंभराव्या वर्षी. ज्या घराचा नकाशा काढताना स्त्री वकील ही कल्पनाच कागदावर नव्हती, त्या घरात तिच्यासाठी प्रसाधनगृह कुठून असणार? देशभरातल्या न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १५ जानेवारी २०२५ रोजी द्यावा लागला. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसाचेही तसेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सुगम्यतेचा अधिकार दिला आहे. दगडी पायऱ्यांना तो माहीत नाही. तेव्हा जुने ते जसेच्या तसे हे तत्त्व न्यायालयाच्या बाबतीत टिकत नाही. तसे ठेवणे म्हणजे १८७८ मध्ये ज्यांना आत जागा नव्हती त्यांना आजही बाहेर ठेवणे.

दुरुस्तीच्या तांत्रिक बाजूत आपल्याकडे आता बरेच शहाणपण आले आहे, हे मान्य केले पाहिजे. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. देशातली अशी पहिली. उच्च न्यायालय त्यात पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे बळकटीसाठी आवश्यक असल्याशिवाय बाहेर काय अन् आत काय, हात लावायचा नाही. जुन्या दगडी भिंतींच्या दरजा सिमेंटने भरण्याची सवय हळूहळू सुटते आहे, हेही चांगलेच. चुन्याची भिंत श्वास घेते असे गवंडी म्हणतात ते अक्षरशः खरे आहे: पावसाळ्यात आत शिरलेला ओलावा चुन्याच्या दरजांमधून पुन्हा बाहेर पडतो. दरजांत सिमेंट भरले की पाण्याची वाट बंद होते, ते दगडातूनच वाट शोधते, आणि मग कोरीव कामाचे पापुद्रे निघू लागतात. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती दगडाला मारते ती अशी. वातानुकूलन यंत्रांचे टपकणारे पाणी आणि कमानीवर खिळे मारून नेलेल्या तारा यांनी आपल्या जुन्या सरकारी इमारतींचे जे नुकसान केले आहे ते पावसाने केलेल्या नुकसानीहून कमी नसावे.

एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. जुन्या न्यायालयांच्या मजल्यांवर आणि व्हरांड्यांवर सर्वात मोठे ओझे कशाचे असते? कागदाचे. कपाटांवर कपाटे, दप्तरांवर दप्तरे. संगणकीकरण आणि वारसा ही दोन शत्रू खाती आहेत असे समजून आपण बोलतो. वस्तुतः दप्तर स्कॅन होऊन हलले तर जुन्या इमारतीचे मजले हलके होतात, अडवलेले व्हरांडे मोकळे होतात आणि मूळ रचना पुन्हा दिसू लागते. इथे आधुनिकीकरण हेच जतन आहे. आवाजाचेही पाहा. उंच छताच्या दालनात शब्द घुमतो. मागच्या बाकावरच्या अशिलाला फक्त गुणगुण ऐकू येते. चांगली ध्वनियोजना बसवली तर वास्तूचा एक दगड न हलवता तिच्यातला सर्वात जुना दोष दूर होतो. नाहीतर असे चित्र दिसेल की घरी बसून दूरदृश्य प्रणालीने ऐकणाऱ्याला सगळे स्पष्ट कळते आणि प्रवासखर्च करून प्रत्यक्ष आलेल्याला काहीच नाही.

आता इमारतीतल्या एका दालनाकडे वळतो. मध्यवर्ती न्यायालय, क्रमांक ४६. १३ ते २२ जुलै १९०८ या काळात लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथे चालला. न्यायाधीश दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या बाजूचे वकील होते. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, दिवसामागून दिवस. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली आणि शिक्षा झाली ती रात्री, दिवे लागल्यावर. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या दालनाबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेली शिला बसवली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर लावून घेतले. जगात अशी उदाहरणे फार नसतील.

त्या शिलेचा अर्थ मला असा लागतो की ती चालत्या न्यायालयाच्या दारावर आहे म्हणून तिला धार आहे. आत कोणाचा तरी जामीन चालला आहे, कोणाची तरी याचिका फेटाळली जाते आहे आणि बाहेर ती शिला उभी आहे, हा ताण तिथे आहे. तीच शिला संग्रहालयात गेली की दुपारी शाळेच्या सहलीला दाखवण्याची वस्तू होते. दालन राखणे म्हणजे सागवानी बाकांना पॉलिश करणे एवढेच असेल तर ते काम कोणताही कुशल सुतार करील.

दालन गमावणे म्हणजे काय, हे पाहायला लंडनला जावे लागते. वेस्टमिन्स्टर चौकातली मिडलसेक्स गिल्डहॉल ही जे. एस. गिब्सन याची १९१३ सालची इमारत. तीही गॉथिक वळणाची, आतून लाकडी कोरीव कामाने भरलेली. तिथे फौजदारी न्यायालय चाले. ब्रिटनने उमरावांच्या सभागृहातून सर्वोच्च न्यायालय वेगळे काढायचे ठरवले तेव्हा त्यासाठी ही इमारत निवडली गेली. पण अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला आरोपीचा पिंजरा नको, ज्यूरीची जागा नको, साक्षीदाराची पेटी नको. मग दालनांतले मूळ लाकूडकाम बरेचसे निघाले. एका दालनाच्या जागी उंच ग्रंथालय झाले. ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ या संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि २००७ मध्ये ती हरली. १ ऑक्टोबर २००९ पासून तिथे सर्वोच्च न्यायालय बसते. चित्रकार पीटर ब्लेक यांनी रेखाटलेला गालिचा जमिनीवर आहे आणि न्यायाधीश वकिलांच्या पातळीवर, अर्धवर्तुळाकार टेबलामागे बसतात.

या प्रकरणावर दोन्हीकडून बरेच लिहिले गेले आहे. हरलेल्या संस्थेचे दुःख मला समजते, पण तिच्या बाजूने संपूर्ण उभे राहवत नाही. न्यायाधीशाचे उंच आसन खाली आणून त्याला वकिलाच्या समोर बसवणे, कामकाज चित्रवाणीवर दाखवणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज आत येऊ देणे, हे बदल न्यायालयाच्या स्वभावाचेच बदल आहेत आणि बहुतेक चांगले आहेत. चूक झाली ती भाडेकरू निवडण्यात. ज्या घराची प्रत्येक खोली खटल्यासाठी घडवली होती, ते घर खटले न चालवणाऱ्याला दिले. मग त्याने खोल्या मोडल्या यात नवल नाही. सॉमरसेट हाऊसचा पर्याय तेव्हा चर्चेत होता. बाहेरचा पोर्टलंड दगड मात्र आता अगदी स्वच्छ दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच गमावल्यासारखे वाटत नाही, आणि हीच त्या जतनाची सर्वात गंभीर टीका आहे.

चंदीगडची गोष्ट उलट्या टोकाची. ल कॉर्बुझिएच्या उच्च न्यायालयात मधल्या प्रवेशमंडपाचे तीन प्रचंड खांब हिरवे, पिवळे आणि लाल. एका बाजूला मुख्य न्यायमूर्तींचे मोठे दालन, दुसऱ्या बाजूला आठ दालने, आणि प्रत्येकात लोकांनी थेट बाहेरच्या पटांगणातून शिरायचे. कल्पना भव्य आणि लोकशाहीची. पण त्या पटांगणात मे महिन्यात चंदीगडचे ऊन असते आणि जुलैत पाऊस. काचेवर कागद ठेवून पाहिलेल्या नकाशात ऊन दिसत नाही. न्यायालयांत आवाज घुमू नये म्हणून कॉर्बुझिएने स्वतः रेखाटलेले, काश्मीरमध्ये विणलेले मोठाले भित्तिपट लावले होते, म्हणजे आतल्या माणसाच्या कानाचा विचार त्याने केला. बाहेर ताटकळणाऱ्याच्या डोक्याचा राहिला. पुढे दालन क्रमांक २ ते ९ यांच्यासमोर व्हरांडा झाला. क्रमांक १ समोर मात्र नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तोही बांधण्याचा आदेश दिला. चंदीगड प्रशासन युनेस्कोचा दर्जा धोक्यात येईल म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला.

वास्तुरचनेच्या अभ्यासकांना हा निकाल फारसा रुचणार नाही. मला तो योग्य वाटतो. आठ दालनांपुढे छप्पर असताना नवव्यापुढे नसणे हे कॉर्बुझिएचे जतन नव्हते, ती अर्धवट राहिलेली दुरुस्ती होती. पण निकालातली एक अडचण लपवता येत नाही. इमारत कोणाची? न्यायालयाची. बदल कोणाला हवा? न्यायालयाला. वाद निवडणार कोण? न्यायालयच. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. न्यायालयीन वास्तूंच्या बाबतीत ते पाळणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच तिथे न्यायाधीशांपलीकडच्या लोकांना, वकिलांना, कारकुनांना, पक्षकारांना आधी विचारले जाणे गरजेचे ठरते.

विचारले नाही तर काय होते, ते दिल्लीत दिसले. सर्वोच्च न्यायालयाची इमारत गणेश भिकाजी देवळालीकर या मराठी वास्तुविशारदाची, १९५८ सालची. पहिल्या पाच दालनांसमोरच्या उघड्या व्हरांड्यांत काचेचे पडदे उभारून तो भाग थंड केला गेला. वकील संघटनेने विरोध केला: जागा अरुंद झाली, मूळ मोकळेपणा गेला आणि आम्हाला विचारले नाही. जून २०२५ मध्ये काचा काढल्या. बसवायला सुमारे २ कोटी ६० लाख रुपये लागले होते, काढायला आणखी साडेआठ लाखांवर. मुंबईच्या २,६६८ रुपयांच्या बचतीशेजारी हा आकडाही कधीतरी लिहावा.

कोल्हापूरकडे मी थोड्या आशेने पाहतो. चार दशकांहून जुनी मागणी मान्य होऊन १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचची अधिसूचना निघाली, १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. जागा कोणती? सीपीआर रुग्णालयासमोरची जुन्या जिल्हा न्यायालयाची इमारत. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलात गेल्यावर तिचे महत्त्व ओसरले होते. म्हणजे न्यायालयाची इमारत दुरुस्त होऊन पुन्हा न्यायालयच झाली. जिथे एके काळी दिवाणी दावे चालले तिथे आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे उभी राहतात. सावंतवाडीच्या माणसाची मुंबईची रात्रीची गाडी वाचली. घाईत झालेल्या कामाच्या खुणा काळ दाखवीलच, आणि कायमची जागा शेंडा पार्कची ठरली आहे, तेव्हा ही व्यवस्था तात्पुरती आहे. तरी जुन्या वास्तूला तिचेच काम परत देणे हा जतनाचा सर्वात स्वस्त आणि सर्वात प्रामाणिक मार्ग आहे, हे तिथे सिद्ध झाले.

मुंबईत तेच करता येईल. बांद्र्यात नवे संकुल उभे राहिल्यावर फोर्टमधली इमारत संपूर्ण रिकामी करण्याचे कारण नाही. गर्दी गेली की १८७८ च्या दालनांना त्यांच्या मापाचे काम देता येईल: कमी पक्षकारांची, थोड्या कागदांची, सावकाश ऐकण्याची अपिले. काही दालने तशीच चालू ठेवावीत, त्यांत ४६ क्रमांकाचे पहिले. बाकीच्या जागेत दप्तरखाना, ग्रंथालय, लोकांसाठी विधी सहाय्य केंद्र आणावे; संग्रहालय हवे तर एका मजल्यावर. लिफ्ट आणि उतार मागच्या बाजूने न घालता जिथून सगळे शिरतात तिथेच घालावेत, कारण अपंग पक्षकाराला मागच्या दाराने आत घेणे हा त्याचा दुसऱ्यांदा केलेला अपमान असतो.

हे ठरवायची वेळ आत्ताची आहे, बांद्र्याचे नकाशे कागदावर असतानाची. तिथे किती दालने बांधायची हा आकडा ठरताना फोर्टमध्ये किती चालू राहणार हा आकडा त्याच कागदावर शेजारी लिहिला गेला पाहिजे. एकदा सगळी दालने बांद्र्यात मोजून झाली, न्यायाधीशांची निवासस्थाने आणि वकिलांच्या बसण्याच्या जागा तिकडे गेल्या, की रोज सकाळी साडेदहाला ओव्हलसमोरच्या जुन्या इमारतीत बोर्ड लावायला कोणालाच सोयीचे वाटणार नाही.